नखाच्या बुरशीवर लेझर: ८५ टक्के कशाचे, ते आधी विचारा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. वडील एसटीतून निवृत्त झालेले चालक, वय ६४. दोन्ही पायांच्या अंगठ्यांची नखं पाच-सहा वर्षांपासून पिवळी, जाड झालेली, कापताना खालून भुसा पडतो. मधुमेह बारा वर्षांचा, रक्तदाबासाठी मेटोप्रोलॉल चालू, शिवाय रात्री कोलेस्टेरॉलची एक गोळी. एका क्लिनिकने चार सिटिंगचं लेझर पॅकेज सुचवलंय. पत्रकावर ‘८५ टक्के यश’ आणि ‘एफडीए मान्य’ (एफडीए म्हणजे औषधांना आणि यंत्रांना परवानगी देणारं अमेरिकेचं सरकारी खातं) असं छापलेलं आहे. गोळ्यांनी लिव्हर जातं असं कुणीतरी सांगितल्यामुळे घरात गोळ्यांना विरोध आहे. तुमचा सवाल एवढाच: या प्रकाशाच्या उपचारावर खरोखर संशोधन झालंय, की नुसतीच जाहिरात?

संशोधन झालंय, आणि बरंच झालंय. गोम अशी की त्यातला प्रत्येक जण वेगळीच गोष्ट मोजतो आणि सगळेच तिला ‘यश’ म्हणतात. मी बावीस वर्षं त्वचारोगाची प्रॅक्टिस करतो. माझ्याकडे लेझर आहे, नखांवर मी ते वापरलंय आणि आता नुसतं लेझर देणं बंद केलंय. त्यामुळे हे उत्तर दुरून लिहिलेलं नाही, पण अगदी तटस्थही नाही. तेवढं धरून वाचा.

लेझरच्या आधी एक गोष्ट. तुमच्या संपूर्ण प्रश्नात एक वाक्य मला कुठेच सापडलं नाही: नखाची तपासणी झाली का? जाड, पिवळं, वेडंवाकडं नख म्हणजे बुरशीच, असं नसतं. अशा बिघडलेल्या नखांपैकी साधारण निम्म्यांमध्येच बुरशी निघते. बाकीची सोरायसिसची, जुन्या माराची, घट्ट बुटांची, वयोमानाने जाड झालेली. चाळीस वर्षं क्लच-ब्रेक दाबणाऱ्या माणसाच्या अंगठ्याच्या नखाला रोज थोडाथोडा मार बसतच असतो. माझ्याकडे दर आषाढीला पायी वारी करणारे एक गृहस्थ येत. नख काळपट, जाड, अर्धं सुटलेलं. दोन ठिकाणी बुरशी म्हणून औषध घेऊन झालं होतं. तीनदा खरवडून तपासलं, तीनदा काही नाही. त्यांच्या नखाला बुरशी नव्हती, आळंदी ते पंढरपूर होतं.

तपासणी साधी आहे. नखाखालचा भुसा, आणि तोही टोकाचा नव्हे तर शक्य तितका आतला, खरवडून घ्यायचा, पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये विरघळवून सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे तंतू शोधायचे. याला सगळे ‘केओएच’ म्हणतात. कल्चरला, म्हणजे नमुन्यातली बुरशी वाढवून ती कुठली ते पाहायला, तीन-चार आठवडे लागतात आणि ते बरेचदा खोटं निगेटिव्ह येतं. नखाचा कापलेला तुकडा पॅथॉलॉजीकडे पाठवून पीएएस रंग देऊन पाहणं ही मला सर्वांत भरवशाची वाटणारी पद्धत. लेझरचं पॅकेज विकणाऱ्याने यातलं काहीच केलं नसेल, तर तिथेच थांबायला हरकत नाही.

आता धरून चालू की बुरशी आहे. बहुतेक वेळा ती ट्रायकोफायटन रुब्रम नावाची असते. पावसाळ्यात पायाच्या बोटांत चिखल्या होतात, तळव्यांना कोरडा कोंडा सुटतो, ती बऱ्याचदा हीच. तिथूनच ती नखाखाली शिरते. पायाच्या अंगठ्याचं नख महिन्याला जेमतेम एक ते दीड मिलिमीटर वाढतं. म्हणजे आज सगळी बुरशी मेली, तरी खराब नख पुढे सरकून कापलं जायला बारा ते अठरा महिने लागतात. हा वेग लक्षात ठेवा. पुढच्या सगळ्या आकड्यांची किल्ली तीच आहे.

पत्रकावरचा ‘एफडीए मान्य’ हा शब्द घेऊ. अमेरिकेत २०१० साली नखांच्या बुरशीसाठी लेझर यंत्रांना परवानगी मिळायला सुरुवात झाली. परवानगीचे शब्द मुद्दाम मराठीत सांगतो: नखांची बुरशी असलेल्या रुग्णांमध्ये ‘स्वच्छ नखात तात्पुरती वाढ’. यातला तात्पुरती हा शब्द मी घातलेला नाही, तो त्यांचाच आहे. बुरशी बरी होते असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. शिवाय यंत्रांना ही मंजुरी मिळते ती बाजारात आधीपासून असलेल्या तत्सम यंत्राशी साधर्म्य दाखवून. नव्या औषधाला जसं मोठ्या चाचण्यांतून जावं लागतं, तसं नाही.

औषधांची फूटपट्टी फार कडक आहे. ‘पूर्ण बरं’ म्हणायचं तर ठरवलेल्या नखावर रोगाचा मागमूस नको, शून्य टक्के. त्याच वेळी केओएच निगेटिव्ह आणि कल्चरही निगेटिव्ह. या पट्टीवर टर्बिनाफिन या बुरशीनाशक गोळीचा अधिकृत आकडा येतो ३८ टक्के. फक्त बुरशी गेली का एवढंच विचारलं, तर त्याच गोळीचा आकडा ७०. इट्राकोनॅझोल या दुसऱ्या बुरशीनाशक औषधाचे हेच दोन आकडे १४ आणि ५४. नखावर लावायच्या एफिनाकोनॅझोलच्या दोन मोठ्या चाचण्यांत पूर्ण बरे झालेले अनुक्रमे १७.८ आणि १५.२ टक्के.

आता सामान्य माणसासमोर दोन कागद ठेवा. एकावर गोळी ३८, दुसऱ्यावर लेझर ८५. कोण गोळी घेईल? पण ३८ हे परीक्षेत सगळ्या विषयांत पैकीच्या पैकी मिळवणाऱ्यांचं प्रमाण आहे आणि ८५ हे गेल्या वेळेपेक्षा थोडे जास्त गुण मिळवणाऱ्यांचं.

८५ हा आकडा पाहून मला २०१० चाच एक अमेरिकी अभ्यास आठवला. त्यात ८७० आणि ९३० नॅनोमीटर अशा दोन तरंगलांबींचं डायोड लेझर वापरलं होतं. १८० दिवसांनंतर उपचार केलेल्या नखांपैकी ८५ टक्क्यांमध्ये स्वच्छ नखाची लांबी वाढलेली दिसली. किती वाढली? निदान ३ मिलिमीटर वाढ ६५ टक्के नखांत, ४ मिलिमीटर २६ टक्क्यांत. आणि कल्चर व पीएएस दोन्ही एकाच वेळी निगेटिव्ह किती? ३० टक्के. म्हणजे एकाच अभ्यासात ८५ ही आहे आणि ३० ही आहे. जाहिरात कुठला उचलेल ते सांगायला नको. त्यातून ते लेझर म्हणजे सध्या आपल्याकडच्या क्लिनिकांत सर्रास असलेलं यंत्र नव्हे. आपल्याकडे असतं ते १०६४ नॅनोमीटरचं एनडी-यॅग, आणि त्याचं कारण नखं नाहीत. ते आपल्या सावळ्या त्वचेवर केस काढण्यासाठी तुलनेने सुरक्षित, म्हणून घेतलेलं असतं. नखं ही त्याची जोडधंद्यातली कमाई.

मीही असंच घेतलं. विक्रेता म्हणाला, डॉक्टर, नखांनाही चालतं, फक्त सेटिंग बदला. खोटं कशाला बोलू, मला ते पटलं. कर्जाचे हप्ते चालू असताना अशा गोष्टी चटकन पटतात. पहिल्या दीड-दोन वर्षांत मी बऱ्याच रुग्णांच्या नखांवर ते वापरलं. प्रत्येक सिटिंगला फोटो काढत होतो. फोटो झकास. एका कॉन्फरन्समध्ये मी ते दाखवलेसुद्धा.

पुढे एक निवृत्त शिक्षिका भलत्याच तक्रारीसाठी आल्या. सहज पाय बघितले, तर माझ्या फोटोंमधलं ते ‘यशस्वी’ नख पुन्हा पहिल्यासारखं. खरवडून पाहिलं, बुरशीचे तंतू स्पष्ट. मग जुनी यादी काढून जमेल तितक्यांना फोन करून बोलावलं, फी न घेता तपासलं. ज्यांनी फक्त लेझर घेतलं होतं त्यांपैकी बहुतेकांत बुरशी जागेवर होती. मग फोटो छान का होते? कारण मी प्रत्येक सिटिंगच्या आधी जाड नख मशीनच्या कानशीने घासून पातळ करत होतो. पातळ नख स्वच्छ दिसतंच. निम्म्या लोकांना मीच सोबत नखाला लावायचं औषध दिलं होतं. सगळ्यांना बूट बदला, पाय कोरडे ठेवा असंही सांगितलं होतं. श्रेय मात्र यंत्राला. तुलनेला दुसरा गट ठेवला नाही की माणूस स्वतःलाच कसा फसवतो, ते मी माझ्याच फोटोंवरून शिकलो.

आता तुलनेचा गट असलेल्या चाचण्या. आधी कल्पना काय आहे ते सांगतो, कारण ती मूर्खपणाची नाही. १०६४ चा प्रकाश नखातून खाली नखशय्येपर्यंत, म्हणजे नखाखालच्या त्वचेपर्यंत पोचतो. तिथे उष्णता तयार होते आणि बुरशी शिजते, असा हिशोब. प्रश्न असा की किती तापमान, किती वेळ? २०१३ साली अमेरिकेतल्या एका गटाने हे काचेच्या बशीत तपासलं. ट्रायकोफायटन रुब्रम मारायला ५० अंश सेल्सिअस सलग १५ मिनिटं लागली. स्वतःच्या अंगठ्याची कल्पना करा. ४५ अंशांच्या आसपासच माणूस पाय खेचून घेतो. आणि लेझरचा स्पंद मिलिसेकंदांत संपतो. मधल्या वेळेत रक्ताचा प्रवाह नखशय्या थंड करत राहतो. बशीत रक्ताभिसरण नसतं. त्याच गटाने पुढे खऱ्या नखांवर ते लेझर मारलं, तेव्हा बुरशी काही गेली नाही.

२०१४ साली आणखी एक अमेरिकी चाचणी आली. २७ रुग्ण, १२५ नखं. चिठ्ठ्या टाकून विभागणी, काहींना एनडी-यॅग दोनदा, काहींना काहीच नाही. तीन महिन्यांनी कल्चर निगेटिव्ह लेझर गटात ३३ टक्के, उपचार न घेतलेल्यांत २० टक्के. हा फरक संख्याशास्त्राने ग्राह्य नव्हता, आणि वर्षाअखेरीस दोन्ही गटांत फरक उरला नाही. यातला २० चा आकडा मला फार बोलका वाटतो. काहीही न करता पाचातल्या एकाचं कल्चर कोरं आलं. कल्चर किती वेळा बुरशी चुकवतं ते यावरून ओळखा. कुणी तुम्हाला ‘लेझरनंतर कल्चर निगेटिव्ह आलं’ असा एकच रिपोर्ट दाखवला, तर त्यावर फार विसंबू नका.

२०१७ च्या जर्मन चाचणीत २० रुग्ण, ८२ नखं होती. दोन नव्हे, चार सिटिंग, आणि वर्षभर पाठपुरावा. वर्षाअखेरीस बुरशीमुक्त झालेलं कुणी नाही. लेझर गटात नाही, दुसऱ्यातही नाही.

तुमच्या वडिलांसाठी सर्वांत जवळची चाचणी मात्र नेदरलँड्समधली. ती खास मधुमेहींवर होती, पायाला धोका असलेल्या मधुमेहींवर. त्यात काहींना खरं लेझर दिलं, काहींना खोटं, म्हणजे यंत्र तेच, सोपस्कार तोच, पण उपचाराचा प्रकाश नाही. कुणाला काय मिळालं हे ना रुग्णाला माहीत, ना निकाल तपासणाऱ्याला. चार सिटिंग, एक वर्ष. २०१९ साली निकाल छापून आला: दोन्ही गटांत फरक नाही. मधुमेही पायांसाठी लेझर ‘सुरक्षित पर्याय’ म्हणून विकणाऱ्यांनी हा अभ्यास निदान वाचलेला असावा, अशी माझी अपेक्षा असते.

२०२० मध्ये वैद्यकीय पुराव्यांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेने नखांना लावायची औषधं आणि यंत्रं यांचा एकत्रित आढावा घेतला: ५६ अभ्यास, १२,५०१ सहभागी. त्यात एनडी-यॅगच्या वाट्याला आलेला पुरावा तुटपुंजा आणि कमी दर्जाचा. बुरशी जाण्याच्या बाबतीत उपचार न करणं किंवा खोटं लेझर यांच्या तुलनेत फारसा फरक नसावा, असा त्याचा सूर.

इथे मला थोडं सावरूनही घेतलं पाहिजे. लेझरच्या बाजूने बोलणारे डॉक्टर सगळेच लबाड नाहीत. ते म्हणतात की प्रत्येक अभ्यासात ऊर्जा वेगळी, स्पंदाचा कालावधी वेगळा, ठिपक्याचा आकार वेगळा, सिटिंगची संख्या वेगळी. हे खरं आहे. त्यामुळे ‘लेझर कधीच, कशानेच चालणार नाही’ असं मी म्हणत नाही. मी म्हणतो ते एवढंच की आजवर ज्या सेटिंग्जवर तुलनेच्या गटासह नीट तपासलं गेलं, त्यांत एकट्या एनडी-यॅगने बुरशी घालवून दाखवलेली नाही. हलकी, फक्त टोकाला लागण झालेली नखं निवडली, तर कुठलाही उपचार बरा दिसतो, हेही ध्यानात ठेवा. वडिलांच्या वर्णनावरून त्यांची नखं त्या वर्गातली वाटत नाहीत.

लेझर आणि लावायचं औषध एकत्र, ही निराळी गोष्ट. फ्रॅक्शनल कार्बन डायऑक्साइड लेझर नखाला बारीक बारीक भोकं पाडतं. नख हा औषधाच्या वाटेतला मोठा अडसर. भोकं पडली तर औषध खाली उतरेल. तर्क मला पटतो. तिथे प्रकाश बुरशी मारत नाही, तो सुताराच्या गिरमिटाचं काम करतो. २०१६ मध्ये ७५ रुग्णांवरचा असा एक अभ्यास आला, निकाल देखणे होते. पण तुलनेचा गट नव्हता. माझ्या फोटोंची आठवण झाली.

दुसरी वाट फोटोडायनॅमिक उपचाराची, आणि माझ्या मते प्रकाशाच्या उपचारांत हीच जास्त विचार करण्याजोगी. यात उष्णतेचा संबंध नाही. १९०० साली म्युनिकमध्ये ऑस्कर राब नावाच्या वैद्यकीय विद्यार्थ्याच्या लक्षात आलं की अ‍ॅक्रिडीन रंगात ठेवलेले पॅरामिशियम उजेडात मरतात आणि अंधारात जगतात. रंग एकटा मारत नाही, उजेड एकटा मारत नाही. दोघं मिळून ऑक्सिजनचं असं रूप तयार करतात की पेशी जळते. नखांत हेच करायचं. आधी युरियाचं मलम बांधून नख मऊ आणि पातळ करायचं, मग अमिनोलेव्हुलिनिक आम्लाचं मलम काही तास, मग लाल प्रकाश. ग्रीसमध्ये २०१० साली ३० रुग्णांवर असे तीन उपचार झाले. वर्षाअखेरीस ४३ टक्के बरे. दीड वर्षाने हा आकडा ३७ च्या आसपास घसरला. हा घसरलेला आकडा लेखकांनी प्रामाणिकपणे छापला म्हणून मला त्या कामाबद्दल आदर आहे. याही अभ्यासात तुलनेचा गट नव्हता. पुढे स्पेनमध्ये ४० रुग्णांवर चिठ्ठ्या टाकून केलेल्या चाचणीत दोन्ही गटांना युरिया दिला. प्रकाशाला खरं मलम जोडलेला गट थोडा पुढे राहिला, पण फरक ग्राह्य धरण्याइतका नव्हता. ब्राझीलमध्ये मेथिलीन ब्लू या स्वस्त रंगावर काम झालंय आणि त्यांचे निकाल उत्साह वाढवणारे आहेत. तुलना मात्र आठवड्यातून एकदा फ्लुकोनॅझोल ही बुरशीची गोळी, अशा तशा लंगड्या प्रतिस्पर्ध्याशी होती, आणि रुग्णाला सहा महिने दर पंधरा दिवसांनी खेप घालायची होती. खेड्यातून एसटीने येणाऱ्या माणसाला हे सांगून बघा.

ऑनलाइन मिळणारी, नखावर चिमट्यासारखी बसवायची निळी-लाल दिव्याची यंत्रं लोक मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात. ती घेऊ नका. एवढंच.

आता वडिलांकडे. इथे काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, आणि त्या मी इथून ठरवू शकत नाही. सर्वांत महत्त्वाची: पायाला संवेदना किती आहे? बारा वर्षांच्या मधुमेहात तळवे बधिर झालेले असू शकतात. एनडी-यॅग करताना ‘आता भाजतंय’ असं रुग्णाने सांगणं हाच आमचा ब्रेक असतो. बधिर पायाचा माणूस काहीच बोलत नाही. नखाखाली फोड येतो, तो चिघळतो आणि मधुमेही पायाची जखम किती महागात पडते ते तुम्हाला माहीत असेल. क्लिनिकने मोनोफिलामेंट नावाच्या नायलॉनच्या बारीक तारेने पायाची संवेदना तपासली होती का, हे विचारा. ‘नाही’ म्हणाले तर तिथे सिटिंग घेऊ नका, मग पॅकेज फुकट असलं तरी.

गोळ्यांची भीती. टर्बिनाफिनने लिव्हरला इजा होऊ शकते, हे खरं. क्वचित होते, हेही खरं. ज्याला आधीपासून लिव्हरचा आजार आहे त्याला मी ती देत नाही. बाकीच्यांना सुरू करण्याआधी लिव्हरच्या चाचण्या, आणि चार-सहा आठवड्यांनी पुन्हा. कावीळ, गडद लघवी, सतत मळमळ, अन्नावरची वासना जाणं, यातलं काही झालं की गोळी बंद आणि लगेच फोन. काहींची जिभेची चव जाते, ती सहसा परत येते, पण तेवढे आठवडे जेवण नकोसं होतं. वडिलांच्या बाबतीत मला लिव्हरपेक्षा दोन दुसऱ्या गोष्टींची काळजी वाटते. एक, मूत्रपिंड: मधुमेहात क्रिएटिनिन पाहिल्याशिवाय ही गोळी लिहू नये, कारण मूत्रपिंडाचं काम निम्म्यावर आलं असेल तर ती टाळतात. दुसरी, मेटोप्रोलॉल. लिव्हरमधल्या ज्या विकराने (एन्झाइमने) मेटोप्रोलॉलचा निचरा होतो, त्याच विकराला टर्बिनाफिन अडवते. मग मेटोप्रोलॉल अंगात साचतं, नाडी मंदावते, चक्कर येते. याचा अर्थ गोळी नकोच असा नाही. रक्तदाबाच्या डॉक्टरांना आधी सांगायचं, लागलं तर औषध बदलायचं, नाडीवर लक्ष ठेवायचं. लिव्हरच्या नावाने घरात वाद चालू आहे आणि नाडीचा प्रश्न कुणी विचारलाच नाही, असं नेहमी होतं.

‘मग इट्राकोनॅझोल घेऊ’ असं कुणी म्हणेल. ते बऱ्याच कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांशी जमत नाही. सिम्वास्टॅटिनबरोबर तर अजिबात चालत नाही, आणि हृदय कमजोर असेल तर नखांसाठी ते देतच नाहीत. त्यातून परिणामही कमी. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या युरोपातल्या मोठ्या चाचणीत रोज १२ आठवडे टर्बिनाफिन घेणाऱ्यांपैकी सुमारे ७६ टक्क्यांची बुरशी गेली होती, इट्राकोनॅझोल मध्ये खंड ठेवून घेणाऱ्यांपैकी ३८ ते ४९ टक्क्यांची. त्याच चाचणीतल्या आइसलंडमधल्या रुग्णांचा पुढे पाच वर्षं पाठपुरावा झाला, तेव्हा पुन्हा औषध न घेता बुरशीमुक्त राहिलेले अनुक्रमे ४६ आणि १३ टक्के. म्हणजे सर्वांत चांगल्या गोळीनेही पाच वर्षांनी निम्म्याहून कमी. हा रोग चिवट आहे, हे मान्य करूनच सुरुवात करावी.

आपल्याकडचा एक खास पेच. गेल्या दहा वर्षांत भारतात गजकर्णाचा जो उद्रेक झालाय, त्यातल्या ट्रायकोफायटन इंडोटिनी या बुरशीवर टर्बिनाफिन अनेकदा चालत नाही. (हे नाव २०२० मध्ये दिलं गेलं, आपल्या देशाचं नाव अशा कारणाने जगभर जावं, हे दुर्दैव.) नखात अजून बहुधा रुब्रमच सापडते. पण घरात कुणाला जांघेत, कमरेला हट्टी गजकर्ण असेल, स्टिरॉइडची मिश्र मलमं चोळली जात असतील, तर ते तुमच्या डॉक्टरांना सांगा. तेव्हा कल्चरला अर्थ येतो.

माझ्या टेबलासमोर वडील बसले असते तर मी काय केलं असतं? पहिल्या दिवशी औषधच दिलं नसतं. नख घासून पातळ केलं असतं, आतला भुसा केओएचला आणि तुकडा पीएएसला पाठवला असता. पायाची संवेदना, नाडीचे ठोके, घोट्याजवळचं रक्ताभिसरण पाहिलं असतं. क्रिएटिनिन, लिव्हर, तीन महिन्यांची साखर. बुरशी निघाली आणि रिपोर्ट ठीक असले, तर टर्बिनाफिन २५० मिलिग्रॅम रोज, १२ आठवडे. गोळी झेपणार नसेल तर नखावर लावायचं अमोरॉलफिन किंवा त्याच जातीचं औषध, दर महिन्याला घासणं, आणि अपेक्षा कमी. आणि हेही सांगितलं असतं की नखाने त्रास होत नसेल, टोचत नसेल, जखम होत नसेल, तर नुसतं घासून पातळ ठेवणं हासुद्धा उपचार आहे. ६४ व्या वर्षी प्रत्येक बुरशी हरवलीच पाहिजे असं नाही. मधुमेहात मी थोडा जास्त आग्रही असतो, कारण जाड नख बुटात दाबलं जाऊन खाली जखम होते आणि दिसत नाही.

बारा आठवडे संपले की रुग्ण निराश होऊन येतात: डॉक्टर, नख तर तसंच आहे! असणारच. औषध नखात आणखी काही महिने टिकून राहतं आणि नख आपल्याच गतीने चालतं. मी एक साधी युक्ती करतो. चांगलं आणि खराब नख जिथे भेटतात, त्या सीमेवर कानशीने बारीक खाच पाडतो आणि दर महिन्याला त्याच उजेडात, त्याच अंतरावरून फोटो काढायला सांगतो. खाच पुढे सरकली आणि तिच्या मागे नख स्वच्छच राहिलं, तर औषध काम करतंय. खराबी खाच ओलांडून मागे आली, तर नाही. लेझर घ्यायचंच ठरलं, तरी ही खाच तुम्ही घरी पाडून घ्या. पाच रुपयांची कानस लाखाच्या यंत्राची परीक्षा घेते.

तेव्हा क्लिनिकला विचारायचे प्रश्न तुमच्या लक्षात आलेच असतील. ८५ टक्के कशाचे: थोडं स्वच्छ दिसणाऱ्या नखांचे, की बुरशी गेलेल्यांचे? किती महिन्यांनी मोजले? तुलना कुणाशी? सोबत आणखी काय देणार? शेवटचा प्रश्न हसत विचारा, कारण उत्तर बहुधा ‘सोबत गोळ्याही सुरू करू’ असं येतं, आणि मग पैसे कशाचे, ते तुमचं तुम्हाला कळेल.

बुटांचं विचारलं होतंत. जुने बंद बूट ज्यांत वर्षानुवर्षं पाय घामेजला, ते सरळ टाका. मोजे सुती, रोज धुतलेले, कडक उन्हात वाळवलेले. बोटांत चिखल्या असतील तर त्यांवर आधी मलम लावून त्या पूर्ण घालवा, नाहीतर नख बरं होऊन पुन्हा तिथूनच लागण. वडिलांचं नेलकटर वेगळं ठेवा. आणि आईचे पायही एकदा बघा. बारा-पंधरा वर्षं एकच न्हाणीघर वापरणाऱ्या घरात एकट्याच्याच नखाला बुरशी असेल, असं मी सहसा पाहिलेलं नाही.

केओएचचा रिपोर्ट आणि क्रिएटिनिन आलं की इथेच लिहा, मेटोप्रोलॉलची मात्राही सांगा. पुढचं त्यावरून ठरवू.